मशीन गोळी खातं

गोळी घ्यावी कशी हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. जेवणाआधी, जेवणानंतर, दुधाबरोबर, कडू असली तर गुळाच्या खड्याबरोबर. ती अंगातून बाहेर कशी जाते हे कुणी शिकवत नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. कितीतरी वर्गांसमोर मी फळ्यावर घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन किडन्या काढल्या, खाली ‘रक्त शुद्ध करणे’ असं लिहिलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. कुणी प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मला उत्तर देता आलं नसतं.

आता येतं. ज्यांच्या घरात नुकतंच डायलिसिस सुरू झालं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. धीर देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याकडे तो शिल्लक नाही, आणि उसना आणून तुम्हाला वाटण्यात अर्थ नाही. माझे यजमान दानियल यांच्याबद्दल यात बरंच येईल. लिहिताना त्यांचं नाव घेता येतं, तोंडाने घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. ते हे वाचतील अशी भीती नाही. पेपरातले कांद्याचे भाव सोडून त्यांनी काही वाचलेलं मला आठवत नाही, आणि माझं अक्षर तर त्यांना देवानेसुद्धा वाचायला सांगू नये.

*

निदान झालं त्या दिवशी मला खरं तर चष्म्याचा नंबर तपासायचा होता. डोकं दुखायचं, पाय सुजायचे, अन्नाला पितळेची चव यायची. पारनेरच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि चष्म्याच्या दुकानात न पाठवता थेट नगरला पाठवलं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून नगरच म्हणतो.

तिथल्या किडनीच्या डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. रिपोर्ट बघून त्यांनी समोरच्या कागदावर मी फळ्यावर काढायचे तेच दोन दाणे काढले. मी विचारलं, “कुठली बिघडलीय?”

“दोन्ही,” त्या म्हणाल्या.

“मग औषध?”

“औषधानं बऱ्या होण्याची वेळ गेलीय, बाई. आता मशीन लावावं लागेल.”

दानियल माझ्या शेजारी बसले होते. पारनेरला त्यांचं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करण्याचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांनी मान वर करून विचारलं, “कोन्या कंपनीचं मशीन हाय?” मला त्या परिस्थितीतही हसू आलं. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. दानियलनी समाधानाने मान हलवली. त्यांना वाटलं, मशीन म्हणजे आपल्या ओळखीचा मामला.

बाहेर आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की माझी एक काढून हिला लावा. आम्हाला मूलबाळ नाही, देणारे तेच. तपासणी झाली तेव्हा त्यांनाच साखर निघाली, तीही चांगली मुरलेली. त्यांची किडनी चालणार नव्हती. त्या संध्याकाळी ते साखरेवर इतके चिडले, की साखरेचा डबा शेजारणीला देऊन आले. किडनी मिळण्याच्या सरकारी यादीत माझं नाव आहे. फोन येत नाही.

*

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पारनेरहून एसटी, सुप्याला हायवे, मग कामरगावचा घाट, मग नगर. डाव्या हातात सुई घालण्यासाठी शीर जोडून घेतलेली आहे, तिथे हात लावला की आत कुणी पीठ दळतंय असं वाटतं. त्या हातावर ना बांगडी, ना पिशवी. मशीनला जोडलं की चार तास पडून राहायचं. उतरल्यावर पाय आपले नसतात. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते तोवर तिसरा उजाडतो. पाणी मोजून प्यायचं. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, ते आमच्यासाठी विष आहे, हे दर वेळी नव्याने सांगायचं आणि त्यांचा चेहरा पडलेला बघायचा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर आण्णा असायचे. सुप्याजवळच्या गावचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांत जुने, म्हणून कुणाला काय खावं, कुठली सिस्टर सुई हलक्या हाताने घालते, हे सगळं त्यांनाच विचारायचं. दानियलची आणि त्यांची लगेच गट्टी जमली. दोघं मशीनकडे बघून बोलत बसायचे. मी मध्ये पडलेली असायचे, पण विषय मशीनचा असायचा.

आण्णांचं एक वाक्य आमच्या वॉर्डात सगळ्यांना पाठ होतं. “मशीन गोळी खातं. सकाळी घेऊन येशील तर वाया. उतरल्यावर घ्यायची.” आणि ते खरं आहे. रक्तातला कचरा ओढताना मशीन काही औषधंही ओढून नेतं. म्हणून आम्ही सगळे गोळ्या पिशवीत घेऊन यायचो आणि सुया निघाल्या की घ्यायचो. यात कुणाची काही चूक नव्हती.

*

नाताळानंतर मला नागीण झाली. उजव्या खांद्यापासून पाठीवरून काखेखालून पुढे, लाल फोडांचा पट्टा. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं, नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, आधी गेरूने गोल आखून घ्या, मंत्र टाकणारा अमुक वस्तीवर आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, मंत्र नको, प्रार्थना करू. दानियल म्हणाले, दोन्ही राहू द्या, नगरला जातोच आहोत. तेव्हा त्यांचं डोकं सगळ्यांत ठिकाणावर होतं.

फोड सुकले. दुखणं सुकलं नाही. त्या पट्ट्यावर कुणीतरी सतत पेटती उदबत्ती फिरवतंय असं वाटायचं. साडी टेकली तरी ओरडावंसं वाटायचं, आणि मी ओरडायचे. मॅडमनी नसांच्या दुखण्याची एक कॅप्सूल दिली, अगदी कमी ताकदीची. सांगितलं, “मशीनवरून उतरल्यावर एक. बाकीच्या दिवशी नाही. तुमच्या अंगातून हे औषध फक्त लघवीवाटे जातं, आणि तुम्हाला लघवी होत नाही.”

मी ऐकलं. दानियलनीही ऐकलं. पण आपल्याला जे आधीपासून पटलेलं असतं त्यातच आपण नवं बसवतो. गोळी खाणारं मशीन आहे, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. शनिवार ते मंगळवार मधला खाडा मोठा, आणि रविवारी मी उशी दातात धरून पडले होते. ते माझ्याजवळ बसले आणि त्यांनी हिशेब मांडला.

“आज मशीन न्हाई. मग गोळी खानार कोन? अंगातच ऱ्हाईल की. फुकट जायाची न्हाई.”

“मॅडम नको म्हणाल्यात ना?”

“त्या मशीनच्या दिवसाचं सांगत्यात. आन एवढीशी तर हाय.”

मला पटलं असं नाही, पण मला इतकं दुखत होतं की मला पटवून घ्यायचं होतं. घेतली. संध्याकाळी अजून एक घेतली. सोमवारी सकाळी त्यांनी दिली तीही घेतली.

तो रविवार माझ्या आजारपणातला सगळ्यांत सुखाचा दिवस होता हे सांगितलं पाहिजे. दुपारी दुखणं उतरलं. मी जेवले, अंगणात बसले, कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा मारल्या. दानियल इतके खूश होते की त्यांनी दुकान न उघडता माझ्या पायांना तेल लावलं.

*

पुढचं मला त्यांच्याकडून कळलं.

सोमवारी दुपारी माझ्या हाताला झटके यायला लागले, कप हातातून उडाला. मग मी उठून भिंतीसमोर उभी राहिले आणि पाढे म्हणायला लावले. भिंत म्हणेना, तेव्हा रागावले. दानियल आत आले तर मी साडी सारखी केली आणि म्हणाले, “या साहेब, बसा. पट आज पूर्ण आहे.” तपासणीला आलेले केंद्रप्रमुख समजले मी त्यांना. ते सांगतात, “मी बसलो. काय करनार.” मंगळवारी सकाळी शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांनी मला नगरला नेलं तेव्हा माझी मान ठरत नव्हती.

मशीनने ते औषध ओढून काढलं. मी परत आले ती हळूहळू आले. आधी पंखा दिसला. मग तो पंखा आहे हे कळलं. मग पायाशी उभे असलेले दानियल दिसले, दाढी वाढलेले, शर्टाची बटणं खालीवर लावलेले.

मॅडमनी त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, “बाई, हे कोण?”

“आमचे हे,” मी म्हणाले.

“नाव सांगा यांचं.”

मी गप्प. मला नाव चांगलं आठवत होतं, पण इतक्या लोकांत, आण्णांसमोर, कसं घेणार? मॅडम सिस्टरला हळूच म्हणाल्या, “अजून उतरलेलं नाही.” दानियलच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आण्णा म्हणाले, “मॅडम, त्या शुद्धीवर हायेत. नवऱ्याचं नाव न्हाई घेत. उखाना घ्या म्हना.”

उखाणा सुचण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते. नुसतंच म्हणाले, “दानियल.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दानियल मशीनच्या मागे जाऊन रडले.

मॅडमनी त्यांना बसवून विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, मशीन गोळी खातं हे खरंय. पण किडनी नाही आणि मशीनही नाही, त्या दिवशी गोळी जाणार कुठं? पहिली जायच्या आत दुसरी येते, दुसरीवर तिसरी.” आमच्या बोलीत सांगायचं तर आलेला पाहुणा जात नाही आणि तुम्ही पुढच्याला आवतण देता. मॅडमनी हेही सांगितलं, की मशीनवरून उतरल्यावर एक, हे अजूनही बरोबर आहे. तेवढी घेत राहा, तेवढ्याने काही होणार नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे. औषध वाईट नव्हतं. आमच्यासारख्यांनी प्रत्येक औषधाबद्दल, अगदी साध्या तापाच्या आणि खोकल्याच्याही, एकच प्रश्न विचारायला हवा: हे माझ्या अंगातून बाहेर कसं जाणार?

आण्णांनी सगळं ऐकलं होतं. निघताना ते मला म्हणाले, “बाई, मी अर्धंच सांगत आलो.” पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या खुर्चीवर लगेच दुसरं कुणी आलं, कारण खुर्ची रिकामी ठेवायला परवडत नाही इतके आम्ही आहोत.

*

घरी आल्यावर दानियलनी राहिलेल्या कॅप्सूल गटारात टाकल्या.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. दुखू नये आणि शुद्ध असावी. मशीननंतरची ती एक कॅप्सूल मला दोन्ही थोडं थोडं देत होती. पूर्ण नाही, पण साडी नेसण्यापुरतं. ती आता मिळेना. दर मंगळवारी मॅडम लिहून द्यायच्या, दानियल “व्हय मॅडम” म्हणायचे, आणि औषधाच्या दुकानासमोरून आम्ही सरळ स्टँडवर जायचो.

मी भांडले. आयुष्यात इतकी कधी भांडले नव्हते. म्हणाले, “दुखणं माझं आहे. तुम्ही कोण ठरवणार?”

“दुखनं तुझं हाय,” ते म्हणाले. “भ्या माझं हाय. तू मला साहेब म्हनलीस.”

“ते औषधानं झालं.”

“औषध मीच दिलं ना?”

एकदा मी शेजारणीकडून कॅप्सूल मागवली आणि मशीनवरून आल्यावर त्यांच्यासमोर घेतली. त्यानंतर ते माझ्यासमोरून हलले नाहीत. मनगट धरून बसले, झटका येतो का बघत. थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, “मी कोन?” मी सांगायचे. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणाले की त्यांची भीती आणखी वाढायची, कारण त्या रविवारीही मला बरंच वाटत होतं. ते जेवले नाहीत, स्वतःची साखरेची गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात मोटारीवर वाकले असताना चक्कर येऊन पडले. कपाळाला टाके पडले.

टाके घातलेलं कपाळ घेऊन ते घरी आले आणि पहिला प्रश्न तोच, “मी कोन?”

तेव्हा मला दिसलं, की माझ्या अंगातलं औषध मशीनने काढलं, यांच्या अंगातलं कशानेच निघणार नाही.

मी कण्हणं बंद केलं. हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. मोरीत नळ सोडून ठेवायचा. बोलताना दुखलं तर वाक्य तोडून ‘काय बरं म्हणत होते’ असं म्हणायचं. सैल ब्लाऊज शिवून घेतले. आणि एके दिवशी चहा देताना म्हणाले, “अहो, थांबलं वाटतं.”

“खरंच?”

“कालपासून नाही.”

थोड्या वेळाने बाहेरून त्यांचं शीळ घालणं ऐकू आलं. मला राग आला त्यांचा. इतक्या पटकन विश्वास बसला.

*

आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेच्या शेवटी साक्ष देतात. कुणाचं ऑपरेशन पार पडलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची दारू सुटली. माणूस उभा राहतो, देवाने काय केलं ते सांगतो, बाकीचे आमेन म्हणतात. पाळकसाहेब बरेच दिवस दानियलच्या मागे लागले होते. ते कधी उभे राहिले नव्हते. कपाळावरच्या टाक्यांची खूण घेऊन त्या रविवारी ते स्वतःहून उठले.

त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच्या हाताने गोळ्या दिल्या तेही. “मी मोटारी बांधनारा मानूस. मला वाटलं मला मशीन कळतं. माझ्या हातानं हिला पार घालवून बसलो हुतो. देवानं आनून दिली. आन आता तर नागिनीचं दुखनंबी गेलं. गोळीबिगर गेलं. म्हंजे देवानं मला माफ केलं, असं मी धरून चाललोय.”

सगळे माझ्याकडे वळले. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, दोन शब्द.”

मी उभी राहिले. उठताना बाकाचा काठ खांद्याला लागला. देवाच्या घरात खोटं बोलायचं नाही, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेलं. खरं सांगितलं तर मला माझी कॅप्सूल मिळाली असती. पाळकसाहेबांनी स्वतः आणून दिली असती, सगळ्या मंडळीने दानियलना समजावलं असतं. आणि दानियल तिथेच, सगळ्यांसमोर, माफी नसलेला माणूस होऊन उभे राहिले असते. ते माझ्याकडे बघत होते, मी कोण असं विचारताना बघायचे तसे.

“आमेन,” मी म्हणाले, आणि खाली बसले.

*

मंगळवारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, “दुखणं कसंय?”

दानियल पायाशी उभे होते. मी म्हणाले, “नाही आता.”

“अगदी नाही?”

“अगदी नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग कॅप्सूल बंद केली.

परतीच्या एसटीत आम्हाला ड्रायव्हरच्या बाजूची दोघांची सीट मिळाली. मी खिडकीकडे बसणार होते, पण डावा हात नुकताच सुया काढलेला, तो त्यांच्या अंगाखाली दबेल म्हणून दानियलनी मला अलीकडे बसवलं आणि ते आत बसले. म्हणजे माझ्या उजवीकडे. केडगाव मागे पडलं तोवर ते बोलत होते, दुकानात नवी तार भरायचीय, पत्रा बदलायचाय. मग बोलता बोलता त्यांना झोप लागली. त्या सोमवारनंतर त्यांना असं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. घाटाच्या पहिल्या वळणावर त्यांचं डोकं घसरून माझ्या उजव्या खांद्यावर आलं, बरोबर त्या पट्ट्यावर.

मी समोरच्या सीटची दांडी धरली. घाट संपला, सुपं आलं, गाडी पारनेरकडे वळली. स्टँड येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.